एकच नाव, निराळी माणसे

आपल्याकडे एका नावाची दोन गावे जवळजवळ असली, की एकाला बुद्रुक व दुसऱ्याला खुर्द म्हणतात. एका नावाचे दोन इसम असले, तर बापाचे नाव विचारतात. पवित्र शास्त्र वाचताना मात्र ही चौकशी आपण पुष्कळदा विसरतो व एकाची करणी दुसऱ्याच्या नावावर घालतो.

दोन अंत्युखिया

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ उघडा. पहिल्या वचनात एक अंत्युखिया आहे, चौदाव्यात दुसरे. सेल्यूकस राजाने आपला बाप अंतियोख याच्या नावाने अनेक नगरे वसवली, म्हणून हा घोटाळा होतो.

पहिले सूरियातील, आज ते तुर्कस्तानातील अंताक्या होय. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्याने तेथेच मिळाले (११:२६). तेथील मंडळीनेच उपास व प्रार्थना करून बर्णबा व शौल यांची रवानगी केली. दुसरे पिसिदियाचे, त्याचे अवशेष तुर्कस्तानातच यालवाच गावाजवळ आहेत. तेथून पौलाला छळ करून घालवून दिले (१३:५०).

आता १४:१९ वाचा. लुस्त्रात पौलाला दगडमार झाला, तो अंत्युखिया व इकुन्या येथून आलेल्या विरोधकांच्या चिथावणीने. हे अंत्युखिया पिसिदियाचे. येथे शिक्षक चुकला, तर ज्या नगरातून पौलासाठी प्रार्थना झाली, तेथूनच त्याचे वैरी आले असे मुले समजतील. शिवाय १४:२१ चे मोल कळणार नाही: ज्या नगराने हाकलले, त्याच नगरात पौल शिष्यांना धीर देण्यास परत गेला! १४:२६ मधले अंत्युखिया मात्र सूरियाचे. लूक स्वतःच खूण सांगतो, की जेथून त्यांना देवाच्या कृपेवर सोपवून दिले होते ते हे नगर.

दोन याकोब

अध्याय १२ मध्ये हेरोद राजा याकोबाला तरवारीने मारतो (वचन २). पुढे तुरुंगातून सुटलेला पेत्र याकोबाला निरोप पाठवतो (वचन १७). मेलेल्याला निरोप कसा? मारला गेला तो जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. निरोप होता तो प्रभूच्या भावाला (गलती. १:१९). यरुशलेमेच्या सभेत अध्याय १५ मध्ये बोलतो तो हाच.

मरीयेवरचा डाग

मग्दालीया मरीयेतून सात भुते निघाली होती, असे लूक ८:२ सांगते. लूक ७ मधील पापी स्त्रीचे तर नावच दिलेले नाही, आणि योहान १२ मध्ये प्रभूच्या चरणांना सुगंधी तेल लावणारी मरीया बेथानीची. इ. स. ५९१ मध्ये रोमचे बिशप ग्रेगरी यांनी एका उपदेशात या तिघी एकच म्हणून सांगितल्या. तेव्हापासून पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना देणारी ही स्त्री शेकडो वर्षे वेश्या म्हणून ओळखली गेली. शास्त्रात याला आधार नाही.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुलांना शिकवतो. ती आज्ञा शास्त्रातील माणसांविषयी बोलतानाही पाळावी.

शिक्षकांसाठी

नाव आले, की तीन प्रश्न विचारावेत: कोणाचा? कोठला? केव्हाचा? तिसरा प्रश्न हेरोदासाठी फार उपयोगी आहे. बेथलेहेमातील बालकांना मारवणारा थोरला हेरोद; बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवणारा त्याचा मुलगा अंतिपा; याकोबाला मारणारा नातू अग्रिप्पा, जो इ. स. ४४ मध्ये मेला.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. कृत्ये ५, ९ व २३ या अध्यायांतील तीन हनन्या कोण? पौलाला भाऊ म्हणून हाक मारणारा कोणता?

२. पेत्राने प्रभूला ख्रिस्त म्हणून कबूल केले ते कोणत्या कैसरीयाजवळ (मत्तय १६:१३), व कर्नेल्य राहत होता ते कोणते (कृत्ये १०:१)?

३. योहान १४:२२ मध्ये यहूदाचे नाव देताना कोणती खबरदारी घेतली आहे, व का?