टाकी, तांक आणि टँक

प्रश्न : शेअर बाजार कोसळल्याच्या एका इंग्रजी बातमीत 'टँक' हे क्रियापद वाचलं. पाण्याची टाकी म्हणजे टँक, रणगाडाही टँक, बिनबाह्यांचा बनियन तो टँक टॉप. एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कुठून आले? आणि आपली 'टाकी' या 'टँक'वरूनच आली ना?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. टाकी इंग्रजीतून आलेली नाही. सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर जा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. सिंहगडावर देवटाकं आहे. आत दगडी खांब सोडून खोदलेलं असेल तर गड हिंडणारे त्याला खांबटाकं म्हणतात. ही विद्या सातवाहनांच्या काळाइतकी जुनी आहे. गंमत म्हणजे कान्हेरी आणि जुन्नरच्या ब्राह्मी शिलालेखांत अशा टाक्यासाठी शब्द येतो तो 'पोढी'. तो मागे पडला आणि 'टांकें' राहिलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही ते आहे. पाथरवटाच्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो, तिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ती हीच टाकी, आणि संस्कृतात तिचं नाव टंक. टाकीनं खोदलेलं ते टाकं, हे नातं मला तरी पटण्यासारखं वाटतं. गुजरातीत आणि राजस्थानीतही हा शब्द आहे. अहमदाबादच्या जुन्या पोळांमधल्या, म्हणजे मोहल्ल्यांमधल्या, घरांखाली पावसाचं पाणी साठवायला टांके बांधलेले आहेत.

मग इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडून उचलला, असं म्हणायचं का? बरेच जण अभिमानानं तसं सांगतात. इथं मात्र थोडं थांबायला हवं.

एडवर्ड टेरी नावाचा एक इंग्रज पाद्री 1616 साली सुरतेला उतरला. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला वकील सर टॉमस रो याचा तो धर्मगुरू. या देशात नद्यांखेरीज पुष्कळ तळी आहेत आणि इथले लोक त्यांना 'टँक' म्हणतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं. म्हणजे पारडं गुजरातीकडे झुकलं. पण त्याच्या जवळपास सव्वाशे वर्षं आधीच्या सफरीचा कागद वेगळं सांगतो. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, त्या सफरीच्या रोजनिशीत एका देवळाजवळच्या घडीव दगडांनी बांधलेल्या मोठ्या तळ्याचं वर्णन आहे, आणि त्यासाठी शब्द वापरला आहे 'तांक'. लिहिणारा भारतात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता आणि ओळखीचा शब्द लिहावा तसा त्यानं तो लिहिला. पोर्तुगीजांचा हा शब्द त्यांच्या घरचाच दिसतो. स्पॅनिशमध्ये तळ्याला 'एस्तांके' म्हणतात. मुळाशी वाहतं पाणी अडवणं, थोपवणं असा अर्थ असलेलं क्रियापद आहे.

म्हणजे एक शब्द खोदण्यातून आलेला, दुसरा अडवण्यातून. दोन्ही पाण्याच्या साठ्याचे, दोन्हींचा उच्चार जवळपास सारखा, आणि दोघांची गाठ पडली ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा प्रसिद्ध कोश 1886 साली निघाला, त्यांनीही या योगायोगाची दखल घेतली आहे. माझं मत असं : सुरतेच्या बंदरात इंग्रजाला एकीकडून गुजरात्याची टांकी ऐकू आली आणि दुसरीकडून पोर्तुगीज बोलणाऱ्या दुभाष्याचा तांक. दोन्हींनी मिळून हा शब्द त्याच्या तोंडी बसवला. श्रेय वाटून घ्यावं लागेल. नुसत्या ध्वनिसाम्यावर शब्दाचं कूळ ठरवू नये, मग ते आपल्या बाजूचं का असेना.

पुढे शब्द इंग्लंडला गेला आणि तळ्याचा हौद झाला. एकोणिसाव्या शतकात जहाजांवरची पिण्याच्या पाण्याची लाकडी पिंपं जाऊन लोखंडी टँक आले. रेल्वेत पाणी अंगावरच वाहून नेणारं इंजिन ते टँक इंजिन. इथल्या इंग्रजीत मात्र जुना अर्थ टिकला, टँक म्हणजे तलाव. मुंबईचा सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. 8 ऑगस्ट 1942 ला 'छोडो भारत'चा ठराव झाला ते गोवालिया टँक मैदानही एका तलावाचंच नाव सांगतं.

आता रणगाडा. या अर्थामागे एक लष्करी गुपित आहे.

पहिलं महायुद्ध खंदकांत अडकून पडलं होतं. काटेरी तारा आणि मशिनगन यांच्यापुढे पायदळाचं काही चालत नव्हतं. फेब्रुवारी 1915 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी चिलखती गाडी घडवण्यासाठी एक समिती नेमली. नौदलाची समिती म्हणून या गाडीचं पहिलं नाव 'लँडशिप', जमिनीवरचं जहाज. आजही रणगाड्याच्या भागांना हल, हॅच अशी जहाजावरची नावं आहेत ती त्यामुळेच. गाडी तयार होऊ लागली लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात. विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन हे तिचे मुख्य शिल्पकार. पण 'लँडशिप' हे नाव कुणाच्या कानी पडलं तर भांडं फुटणार. म्हणून ही मेसोपोटेमियातल्या फौजेसाठी पाणी वाहून नेणारी वाहनं आहेत, अशी बतावणी झाली. सांगाडा दिसायलाही लोखंडी हौदासारखाच होता.

डिसेंबर 1915 मध्ये अर्नेस्ट स्विंटन आणि वॉल्टर डॅली जोन्स हे दोन अधिकारी नाव ठरवायला बसले. सिस्टर्न, रिझर्व्हॉयर असे पर्याय होते. त्यांनी सगळ्यांत छोटा, सहज तोंडात बसणारा शब्द निवडला, टँक. हा स्विंटन जन्मला होता आपल्या बंगळूरमध्ये, 1868 साली. तळ्यांच्या त्या गावात हा शब्द त्याच्या कानावरून नक्कीच गेला असणार, असं मला वाटतं. पुढे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर 'काळजीपूर्वक पेट्रोग्राडला' अशा अर्थाची रशियन अक्षरंही रंगवली गेली. माल रशियाला चालला आहे असं बघणाऱ्यांना वाटावं म्हणून.

मेसोपोटेमियाची थाप कुणालाही खरी वाटावी, कारण तिथं खरंच लढाई चालू होती आणि ती लढत होतं ब्रिटिश हिंदी सैन्याचं सहावं, म्हणजे पुणे डिव्हिजन. मराठा पलटणी त्यात होत्या. लंडनमध्ये हे नाव ठरत होतं तेव्हा ते डिव्हिजन कूत गावात वेढ्यात सापडलं होतं. 29 एप्रिल 1916 ला उपासमारीनं टेकीला येऊन ते शरण गेलं. इंग्लंडमधली ती 'पाण्याची वाहनं' त्यांच्यासाठी कधीच नव्हती, हे वाचताना वाईट वाटतं.

15 सप्टेंबर 1916 ला सोमच्या रणभूमीवर फ्लेर-कुर्सलेतच्या लढाईत टँक पहिल्यांदा उतरले. 49 गाड्या नेल्या होत्या. कित्येक वाटेतच बंद पडल्या. गुपित फुटलं, नाव मात्र चिकटलं. रशियनांनी ते जसंच्या तसं घेतलं, जर्मनांनी चिलखतावरून 'पांझर' म्हटलं आणि फ्रेंचांनी रथ या अर्थाचा 'शार'. मराठीनं रणगाडा घडवला, तो मला या सगळ्यांत सरस वाटतो, कारण ऐकताक्षणी वस्तू डोळ्यांपुढे येते. तो प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरला जा. आपल्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथं आहे आणि 1994 पासूनचं रणगाड्यांचं संग्रहालयही.

उरलेले अर्थ अमेरिकेतले. तिथं पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत. तलावात घालायचा पोषाख तो टँक सूट, आणि त्याच्यासारखा कापलेला बिनबाह्यांचा वरचा कपडा तो टँक टॉप. 'थिंक टँक' आधी गमतीनं डोक्याला म्हणत, पुढे विचारवंतांच्या संस्थेला म्हणू लागले.

तुमचं क्रियापदही त्याच तलावातून आलं. ठोसेबाजीत पैसे घेऊन मुद्दाम हरणाऱ्या खेळाडूनं खोटं खोटं लोळण घेतली की त्यानं तलावात सूर मारला, असं म्हणत. तिथून टँक करणं म्हणजे ठरवून हरणं. 1970 च्या दशकात टेनिसमध्ये ते रुळलं. पुढे त्यातली लबाडी गळून गेली आणि नुसतं आपटणं उरलं. शेअर बाजार 'टँक' होतो तो या अर्थानं, रणगाड्याशी त्याचा काही संबंध नाही.

एक विनंती. तुमच्या जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर चाळलंत, तर त्यात 'टँक' जागोजागी भेटेल. मराठीत उतरवताना त्याची सरसकट 'टाकी' करू नका. गावाजवळचा असेल तर तो बहुधा तलाव असतो, गडावरचा असेल तर टाकं.