पुरलेले रुपये आणि न सांगता केलेली पॉलिश

जमिनीतून निघालेलं जुनं नाणं कोणी ‘चकचकीत करून देतो’ म्हणालं, तर त्याच्या हाती देऊ नका. मग तो कितीही ओळखीचा असो.

तलासरीच्या जुन्या घराची पडवी उतरवताना आम्ही मेटल डिटेक्टरवाल्याला बोलावलं होतं. आजीने सावकाराच्या धास्तीने रुपये पुरले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्र वाजलं, गाडगं निघालं. राणीछाप, एडवर्डचे, पंचम जॉर्जचे रुपये. मी सगळ्यांदेखत बजावलं, “पुसायचंसुद्धा नाही. आधी कळवायचं.” 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, वजनं लिहिली आणि अर्ज घेऊन पालघरला गेलो.

माझ्या माघारी त्या डिटेक्टरवाल्याने काकांना गाठलं. “काका, काळी पडलीत. धुऊन आणतो, भाव चढेल.” काका भोळे. दिली.

नाणी परत आली ती स्टीलच्या वाटीसारखी लखलखत. मी आधी 1911 चा रुपया शोधला. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुष्कळ नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून चित्र बदललं. म्हणून तो रुपया मोलाचा. हत्तीच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा होता. पॉलिशच्या बफवर धरला होता! वजनही घटलेलं. आणि हा माणूस वर पॉलिशचे पैसे मागतो! विचारलं तर म्हणे, “घाणच काढली ना?” ती घाण नव्हती. गंधकाने चांदीवर चढलेला थर होता. नाणं अस्सल आहे का ते ठरवताना जाणकार तोही बघतात. आता अर्जातल्या फोटोत काळी नाणी आणि हातात पांढरी. खुलासे मी देत बसलोय, तो नाही.

म्हणून सांगतो:

आजीने पुरलं म्हणजे आपलंच, हे आपण ठरवायचं नसतं. दावा जिल्हाधिकाऱ्यांसमोरच मांडायचा. न कळवल्यास वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किल्ला, देवळाचं आवार, वनजमीन इथे यंत्र नेऊच नका.

1939 पर्यंतच्या अखंड रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, चांदी जवळपास 92 टक्के. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. देण्याआधी आणि घेतल्यावर, दोन्ही वेळा तोला.

चिंच, राख, दंतमंजन, सिल्व्हर डिप यातलं काही नको. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मग सुती कापडाने टिपा. घासू नका. नाणं कडेने धरा.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. रबरबँडमधल्या गंधकाने ते काळवंडतं. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हवंच.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा: गोड बोलणाऱ्याला नाही म्हणायला लाजू नका. काळं पडलेलं नाणं कधीही उजळता येतं. झिजलेला हत्ती कोणीही परत आणून देत नाही.