रक्तवाहिन्यांचा दाह : उपचार आणि पुढचं आयुष्य

द्रोणागिरी म्हटलं की संजीवनी आठवते. पण सगळेच आजार एका औषधाने कायमचे जात नाहीत. व्हॅस्क्युलायटिस हा त्यातलाच एक.

व्हॅस्क्युलायटिस म्हणजे काय?
आपली रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. वाहिन्यांच्या भिंती सुजतात, वाट अरुंद होते आणि फुप्फुसं, मूत्रपिंडं, मज्जातंतू यांचा रक्तपुरवठा घटतो.

उपचारांनी काय बदललं?
या गटातल्या जीपीए या आजारावर पूर्वी प्रभावी औषध नव्हतं. १९५८ साली इंग्लंडच्या डॉ. वॉल्टन यांनी केलेल्या पाहणीत सुमारे ८२ टक्के रुग्ण वर्षभरात दगावलेले आढळले. १९७० च्या दशकात स्टेरॉइडच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड आलं आणि चित्र पालटलं. २०११ मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली. आता बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात.

मग अडचण कुठे आहे?
आजार शांत होतो, पण पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून आधी जोरदार औषधं आणि मग काही वर्षं सांभाळून ठेवणारे उपचार, असे दोन टप्पे असतात. औषधांमुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो, हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

आपल्याकडचा धोका
ताप, वजन घटणं, खोकल्यातून रक्त ही लक्षणं टीबीचीही असतात. त्यामुळे निदान चुकू शकतं आणि तोवर मूत्रपिंडं बिघडतात. अशा वेळी लघवीची साधी तपासणीही महत्त्वाचा इशारा देते.

लक्षात ठेवा : बरं वाटलं म्हणून औषध स्वतःहून बंद करायचं नाही.