साथीचा ताप आणि आपले कामाचे ठिकाण



फ्लू दरवर्षीच येतो. ताप येतो, अंग दुखते आणि बहुतेक माणसे आठवडाभरात बरी होतात. पण कधीकधी या रोगाचा विषाणू इतका बदलतो की कोणाच्याच शरीराला त्याची ओळख नसते. मग तो जगभर पसरतो. यालाच महासाथ म्हणतात. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ साली फ्लूच्या महासाथी आल्या. पुढची कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून तयारी आधीच हवी.

१९१८ ची साथ मुंबईत कशी पसरली ते पाहा. जून महिन्यात सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पाठोपाठ पोर्ट ट्रस्ट, तारखाते, टांकसाळ, बँक आणि कापडगिरणी येथील माणसे आजारी पडली. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट फारच घातक ठरली. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली. २०२० चा कोरोना हा फ्लू नव्हे. पण मार्चअखेर इंदुरात संचारबंदी लागली आणि राजवाड्यापासून बडा गणपतीपर्यंतचा रस्ता ओस पडला, हे मोठ्यांना आठवत असेलच.

फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना रोग देऊ शकतो. तो खोकल्याच्या, शिंकेच्या तुषारांतून आणि हातांवाटे पसरतो. म्हणून एका खोलीत बसणारी माणसे एकदमच आजारी पडतात. नव्या विषाणूची लस तयार व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात. तोवर आपली शिस्त हेच औषध.

समजा, बडा गणपतीजवळ पाच माणसांचे एक दुकान आहे. त्यांपैकी दोघे अंथरुणाला खिळले, तर काम कसे चालेल? त्यासाठी पुढील गोष्टी करून ठेवाव्यात.

१. कोणती कामे थांबवता येत नाहीत, त्यांची यादी करावी. प्रत्येक काम निदान दोघांना शिकवावे. किल्ल्या आणि हिशेब एकाच माणसापाशी नसावेत.

२. सर्वांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवावेत.

३. साबण, पाणी आणि मास्क यांची सोय असावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बसण्याच्या जागांत अंतर राखावे.

४. ताप असलेल्याने घरीच थांबावे. धाप लागली किंवा ताप उतरेना, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

यांतला चौथा नियम सांगायला सर्वांत सोपा आणि पाळायला सर्वांत कठीण. ज्याचा रोज बुडला की चूल पेटत नाही, तो माणूस तापाची गोळी घेऊन कामावर येतोच. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या घरी थांबण्याने बाकीच्या चौघांचे रक्षण होते, तर त्याचा खर्चही सर्वांनी मिळून उचलायला हवा. आजारपणाची पगारी रजा ही कोणावर मेहेरबानी नाही; साबणाइतकीच ती तयारीचा भाग आहे.

आपली शाळाही कामाचेच ठिकाण आहे. शिक्षक, कारकून, शिपाई, सफाई करणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका हे सारे ती चालवतात. विश्वस्त मंडळींनी या प्रत्येकासाठी रजेची व्यवस्था शांततेच्या काळातच ठरवून ठेवावी, ही विनंती.

स्वाध्याय

१. आई किंवा बाबांच्या कामाच्या ठिकाणी कोणते काम एकाच व्यक्तीला येते? विचारून लिहा.
२. शाळा तीन आठवडे बंद राहिली, तर तुमच्या वर्गाचा अभ्यास कसा चालेल? योजना करा.
३. तुमच्या ओळखीत कोणाला आजारपणातही कामावर जावे लागते? त्यांना घरी थांबता यावे म्हणून काय करता येईल? घरी चर्चा करा.