कटऑफ नसलेला प्रवेश

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे. पूर्वी बारावीनंतर थेट अमेरिकेला जायचं म्हणणारा विद्यार्थी क्वचित भेटायचा, लोक बी.ई. करून मग एमएसला जात. आता १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, नवा फॉर्म उघडला की स्टाफरूमच्या दाराशी कुणी ना कुणी उभं असतंच. ‘मॅडम, रेको द्याल ना?’ शिफारसपत्राला मुलं रेको म्हणतात. या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर बसून जे कळत गेलं, ते असं.

१. टक्के विचारू नका

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हार्वर्डला किती लागतात?’ त्यांचं तरी काय चुकतं? आपण याच पद्धतीत वाढलो. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सला खुल्या गटात जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पहिल्या शंभरात यावं लागतं. अवघड आहे, पण किती अवघड ते दिसतं. यादीत नाव का नाही, हे शेवटच्या आकड्यावरून कळतं.

तिकडे अशी यादीच लागत नाही. २०२४ साली हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि प्रवेश मिळाला दोन हजारांहून कमी जणांना. नाकारलेल्यांत पैकीच्या पैकी गुणांची मुलं ढिगानं असतात. तिथे गुणांची रांग लावून वरून मुलं उचलत नाहीत. एक वर्ग जमवतात. त्यात नौका वल्हवणारे हवे असतात, ऑर्केस्ट्रात वाजवणारे हवे असतात, लॅटिन शिकणारेही हवे असतात. यंदा नेमकं कोण कमी पडतंय, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही.

आणि सगळं निर्मळ आहे अशातलाही भाग नाही. हार्वर्डवर प्रवेशपद्धतीवरून खटला झाला तेव्हा आतली कागदपत्रं बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांच्या ओळखीतली, प्राध्यापकांची आणि खेळासाठी घेतलेली मुलं यांचं पारडं चांगलंच जड असतं, हे त्यातून दिसलं. त्याच खटल्यात २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांच्या सवलतीला मात्र त्या निकालानं धक्का लागला नाही. पुण्यातून अर्ज करणाऱ्या मुलीला यातलं काहीच बदलता येत नाही.

नकाराच्या पत्रात कारण नसतं. फेरतपासणी नाही, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स नाही. मुलांपेक्षा वडिलांना याचा जास्त त्रास होतो, असं मी पाहिलं आहे.

२. पैशाचं बोलणं आधी, कॉलेजांची यादी मग

अनेक नामवंत खासगी कॉलेजांत खाण्यापिण्यासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. हा आकडा घरात मोठ्यानं उच्चारला जायला पाहिजे, आणि मुलासमोर. बहुतेक घरांत तो शेवटपर्यंत उच्चारला जात नाही. ‘आधी मिळू तर दे, मग बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझं डोकं फिरतं. मग बघता येत नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलांच्या बाबतीतही निर्णय घेताना पैशाकडे पाहत नाहीत आणि प्रवेश दिला तर गरजेइतकी मदत देतात. स्टॅनफर्डसारख्या बाकीच्या अनेक ठिकाणी मदत मागितली, की ती मागणी निर्णयात धरली जाते. तिथे आधी ‘मदत नको’ लिहून प्रवेश मिळाल्यावर हात पसरायचा, हे सहसा चालत नाही. अर्ली डिसिजनची गंमत आणखी वेगळी. १ नोव्हेंबरच्या आसपास एकाच कॉलेजला लिहून द्यायचं, की तुम्ही घेतलंत तर मी येणारच. मदत पुरेशी नसेल तर सुटता येतं, पण तीन कॉलेजांनी दिलेली मदत शेजारी ठेवून पाहायची सोय उरत नाही. ज्यांना हा हिशेब करायचा आहे त्यांनी या वाटेला जपून जावं.

सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा फॉर्म भरताना तर आपल्या घरांची खरी परीक्षा होते. उत्पन्न, राहतं घर, इतर मालमत्ता, शेती, धंदा, सगळं विचारतात. एका मुलाच्या घरी साताऱ्याकडची जमीन सातबाऱ्यावर पाच जणांच्या नावे होती. आजोबा गेले तरी वारसनोंद झालेली नव्हती. तिची किंमत डॉलरमध्ये किती लिहायची? वडील म्हणाले, ‘लिहूच नको, ती कुठे आपली आहे?’ आई म्हणाली, ‘म्हणजे? आपली नाही?’ फॉर्म बाजूला राहिला. शेवटी मुलानं हिश्शाची अंदाजे किंमत लिहिली आणि वाटणी झालेली नाही, हे खुलाशाच्या जागेत सरळ सांगितलं. तेच बरोबर होतं.

३. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्राबाबत हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालतं, आणि त्यात सरांचा दुष्टपणा नसतो. १२० मुलांचा वर्ग, त्यात निम्मी मुलं क्लासच्या ‘इंटिग्रेटेड’ बॅचची. सरांनी त्यांना प्रॅक्टिकलपुरतंच पाहिलेलं. पण ही पत्रं मुलगा वर्गात कसा वागतो, काय विचारतो, हे कळावं म्हणून मागतात. मुलानं स्वतःच लिहिलेलं पत्र ओळखू येतं. त्याच्या निबंधातली विशेषणंच त्यात परत भेटतात.

म्हणून अकरावीत एखाद्या तरी विषयाच्या तासाला मनापासून बसा. आणि नववी ते बारावी चारही वर्षांच्या गुणपत्रिका लागतात, हे विसरू नका. आपल्याकडे पहिली दोन वर्षं शाळेत, पुढची दोन कॉलेजात. शाळेच्या क्लार्ककडे नववीचं रजिस्टर शोधायला दिवाळीनंतर गेलात, तर ते देवाच्या भरवशावर.

४. टँकरची वही

कॉमन अ‍ॅपमधला मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. उपक्रमांसाठी दहा जागा, प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. या दहा जागा भरण्यासाठी अकरावीतली मुलं संस्था काढतात. मुलगा अध्यक्ष, बहीण सचिव, आईच्या भिशीतल्या मावश्या देणगीदार. उन्हाळ्यात महिनाभर वस्तीवर जाऊन शिकवायचं, फोटो काढायचे, वेबसाइट करायची. वाचणाऱ्यानं असे अर्ज शेकड्यानं पाहिलेले असतात.

माझ्याकडे एक मुलगा असाच निबंध घेऊन आला होता. वस्तीतल्या मुलांच्या डोळ्यांतली चमक वगैरे. मी विचारलं, तू घरी असतोस तेव्हा काय करतोस? म्हणाला, काही नाही. मग जरा वेळानं सांगायला लागला. ते वाघोलीला राहतात, उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागतात. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून बिल लागतं, पण टाकीची पातळी पाहता तितकं पाणी येत नाही, असा त्याला संशय आला. मग गच्चीवरच्या टाकीत पट्टी सोडून त्यानं दोन उन्हाळे नोंदी ठेवल्या. सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यावर चेअरमनकाका चिडले, टँकरवाला चिडला, वडील म्हणाले गप्प बस. ‘पण मॅडम, हे अ‍ॅक्टिव्हिटीत कसं येईल? सर्टिफिकेट नाही.’

तो निबंध त्यानं नंतर लिहिला, आणि मी वाचलेल्या अशा निबंधांत तो सगळ्यांत चांगला होता. यादीतल्या पहिल्या तिन्ही विद्यापीठांनी त्याला नाकारलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण चांगल्या निबंधाच्या गोष्टी नेहमी प्रवेशातच संपतात.

५. लांब यादी म्हणजे सुरक्षित यादी नव्हे

वीस ठिकाणी अर्ज म्हणजे वीस वेळा ‘आमच्याकडेच का?’ या प्रश्नाचं उत्तर. नवव्या कॉलेजापाशी मुलं नाव बदलून तोच मजकूर चिकटवतात. त्यातून एका अर्जाची फी बऱ्याच नामवंत ठिकाणी ७५ ते ९० डॉलर. जिथे प्रवेश आणि पैसा दोन्ही जमेल अशी दोन-तीन कॉलेजं आधी शोधा; हार्वर्डचं नाव सुचवायला सगळं गाव आहे. आणि इथलं आयसर, आयआयटी, सीईटी याच यादीत लिहा. वेगळ्या कागदावर लिहिलं की तो कागद हरलेल्यांचा वाटायला लागतो.

६. निकाल पहाटे लागतो

मार्चअखेर हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगचे निकाल तिकडे संध्याकाळी ७ वाजता लागतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. एमआयटीचा १४ मार्चला, पायच्या नावानं साजऱ्या होणाऱ्या दिवशी, तिथल्या ६:२८ला. आपल्याकडे चारला दोन मिनिटं कमी. त्याच सुमाराला बारावीचे पेपर. त्या वेळी मुलाभोवती घर जमवू नका. एका घरी आजीनं देवापुढे दिवा लावला होता आणि ठाण्याहून मामी व्हिडिओ कॉलवर होती. मुलीला रडायलासुद्धा जागा नव्हती.

७. नातेवाइकांना मेपर्यंत काही सांगू नका

यावर जास्त लिहायची गरज नाही.

८. प्रवेश म्हणजे व्हिसा नव्हे

१ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. २०२५च्या मेमध्ये अमेरिकी सरकारनं हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढला; न्यायालयानं दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली. मग विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं सुमारे तीन आठवडे बंद राहिलं. त्या दिवसांत माझ्याकडे येणारे फोन डॉक्टरला यावेत तसे होते, आणि माझ्याकडे औषध नव्हतं.

त्या वर्षीच्या एका मुलीला मार्चअखेर चांगल्या मदतीसह प्रवेश मिळाला होता. वडिलांनी तरी एप्रिलमधली सीईटी द्यायला लावली. ती धुसफुसत गेली, पेपर चांगले गेले. ऑगस्टमध्ये व्हिसा हातात पडला तेव्हा इथल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या यादीत तिचं नाव सीओईपीला, मेटलर्जीला लागलेलं होतं. मुलगी बॅग भरत होती आणि वडील मला फोनवर विचारत होते, ‘मॅडम, ही सीट वर्षभर राखून ठेवता येते का हो?’