कलेचे हक्काचे घर

1932 साली मराठी बोलपट अवतरला. चित्रपटापासून मिळकत अधिक. म्हणून मुंबईतील अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली आणि नाटक बेघर झाले.

1935 साली मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी संघाच्या द्वारे रंगभूमीच्या उद्धाराचा ध्यास घेतला. गिरगावातील केळेवाडीत खुल्या रंगमंचावर प्रयोग होऊ लागले. परंतु वर छप्पर नाही. पाऊस आला की खेळ बंद!

अखेर 1964 साली तेथेच साहित्य संघ मंदिर उभे राहिले. ते पाहावयास डॉक्टर हयात नव्हते. नाट्यगृहाला मात्र त्यांचे नाव लाभले.

पुढे गिरगावातील कित्येक चाळींच्या जागी उत्तुंग इमारती आल्या. अनेक बिऱ्हाडे उपनगरांत गेली. संघ मात्र केळेवाडीतच राहिला. स्वतःचे घर असले, म्हणजे कलेला कोणी ‘ऊठ’ म्हणू शकत नाही.