परदेशातील इंग्रजी अध्यापन आणि भारतीय शिक्षक : अर्हता-मान्यतेचा प्रश्न

भारताच्या सेवा निर्यातीचा विचार करताना संगणक सॉफ्टवेअर, वित्तीय सेवा, परिचारिका आणि अभियंते यांचा उल्लेख हटकून होतो. शाळेत इंग्रजी शिकविणारा शिक्षक मात्र या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक, इंग्रजीचे संस्थात्मक शिक्षण या देशात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था सुरू झाली आणि तिचेच रूपांतर पुढे २००७ मध्ये इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ या केंद्रीय विद्यापीठात झाले. एवढी परंपरा असूनही परदेशात इंग्रजी शिक्षक म्हणून काम मिळविताना भारतीय पदवीधरापुढे जी अडचण उभी राहते ती कौशल्याच्या अभावाची नसून कौशल्याला मान्यता मिळण्याची असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सेवा व्यापाराच्या चौकटीत विचार केला आहे.

सेवा व्यापाराचे चार प्रकार

जागतिक व्यापार संघटनेबरोबरच १ जानेवारी १९९५ रोजी अमलात आलेल्या सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण करारात, म्हणजेच ‘गॅट्स’मध्ये, सेवांच्या व्यापाराचे चार प्रकार मानले आहेत. इंग्रजी अध्यापनाच्या उदाहरणावरून ते सहज स्पष्ट होतात. नागपूरमध्ये बसून इंटरनेटद्वारे जपानी विद्यार्थ्याला शिकविणे हा पहिला प्रकार, म्हणजे सीमापार पुरवठा. तो विद्यार्थीच भारतात येऊन शिकला तर दुसरा प्रकार, म्हणजे परदेशात सेवेचा उपभोग. भारतीय संस्थेने टोकियोत शाखा उघडली तर तिसरा प्रकार, म्हणजे व्यापारी उपस्थिती. शिक्षक स्वतः ठराविक मुदतीसाठी तेथे गेला तर चौथा प्रकार, म्हणजे नैसर्गिक व्यक्तींची उपस्थिती.

श्रमबहुल देश म्हणून भारताने वाटाघाटींमध्ये चौथ्या प्रकाराचा आग्रह सातत्याने धरला आहे. तथापि, बहुतेक देशांनी याच प्रकारात सर्वांत कमी बांधिलकी स्वीकारली आहे. शिवाय नागरिकत्व, कायम वास्तव्य आणि कायम नोकरी हे विषय ‘गॅट्स’च्या कक्षेबाहेर आहेत. म्हणून प्रत्यक्षात दारे उघडतात ती मुख्यतः द्विपक्षीय करारांमुळे किंवा त्या त्या देशाच्या व्हिसा धोरणामुळे.

याच विषयाचा देयता शेषाशीही संबंध आहे. भारतात राहून शिकविणाऱ्या शिक्षकाने परकीय संस्थेला पुरविलेली सेवा ही सेवा निर्यात ठरते. परकीय शाळेने एक वर्षाहून कमी मुदतीसाठी नेमलेल्या भारतीय शिक्षकाचे वेतन प्राथमिक उत्पन्नात ‘कर्मचाऱ्यांचा मोबदला’ म्हणून मोजले जाते. तो एक वर्षाहून अधिक काळ राहिला तर सांख्यिकीच्या दृष्टीने तो त्या देशाचा निवासी होतो आणि त्याने घरी पाठविलेली रक्कम दुय्यम उत्पन्नात, वैयक्तिक हस्तांतरण म्हणून येते. अध्यापन एकच, परंतु नोंद तीन ठिकाणी होते. भारताकडे येणाऱ्या अशा रकमांनी २०२२ मध्ये प्रथमच १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. जगात कोणत्याही देशाने तोपर्यंत हा टप्पा गाठला नव्हता.

मागणी कोठे आहे?

इंग्रजी शिक्षकांची मोठी मागणी पूर्व आशियात आहे. जपानने १९८७ मध्ये ‘जेट’ कार्यक्रम सुरू करून परदेशी तरुणांना शाळांमध्ये सहायक शिक्षक म्हणून नेमण्यास प्रारंभ केला. एप्रिल २०२० पासून तेथे पाचव्या आणि सहाव्या इयत्तेत इंग्रजी हा नियमित विषय झाला. दक्षिण कोरियात १९९७ पासून तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. त्याआधी, १९९५ मध्ये, परदेशी इंग्रजी शिक्षकांना सरकारी शाळांत आणणारा ‘एपिक’ कार्यक्रम सुरू झाला होता. विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवणाची चाचणी चालू असताना तेथे विमानांचे उड्डाण व उतरणे थांबविले जाते. या एका गोष्टीवरून त्या समाजात या विषयाला किती महत्त्व आहे ते कळून येते. ‘हागवॉन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी शिकवण्यांचे जाळेही याच मागणीवर उभे आहे.

भारतीय शिक्षकांना परदेशगमन नवे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथिओपिया, नायजेरिया आणि भूतान येथील शाळांमध्ये भारतीय शिक्षकांनी, विशेषतः केरळातील शिक्षकांनी, मोठ्या संख्येने काम केले. मालदीवमध्येही भारतीय शिक्षकांची उपस्थिती लक्षणीय राहिली आहे. या देशांना सर्व विषय इंग्रजीतून शिकवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक हवे होते आणि भारतीय पदवीला तेथे किंमत होती. पूर्व आशियाची मागणी निराळी आहे. तेथे इंग्रजी हे अध्यापनाचे माध्यम नसून स्वतंत्र विषय आहे आणि शिक्षकाच्या पदवीआधी त्याचे पारपत्र पाहिले जाते.

‘मूळ भाषक’ ही अट

दक्षिण कोरियाचा परकीय भाषा शिक्षकांसाठीचा व्हिसा ‘ई-२’ या नावाने ओळखला जातो. इंग्रजीसाठी तो प्रामुख्याने सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यांच्याकडे कोणत्याही विषयाची पदवी असली तरी चालते.

समजा, दोन उमेदवार आहेत. एक कॅनडाचा नागरिक असून त्याने नुकतीच भूगोलाची पदवी घेतली आहे व वर्गात कधीही शिकविलेले नाही. दुसरी उमेदवार भारतीय आहे. इंग्रजी विषयात एम. ए., बी. एड. आणि दहा वर्षांचा अध्यापनाचा अनुभव तिच्याकडे आहे. तसेच इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकविणे हेच तिचे रोजचे काम आहे. सर्वसाधारण नियमानुसार पहिला पात्र ठरतो, दुसरी ठरत नाही.

याचे आर्थिक स्पष्टीकरण मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत सिद्धान्ताच्या आधारे देता येते. (असमान माहिती असलेल्या बाजारपेठांच्या विश्लेषणासाठी स्पेन्स, जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) शिक्षकाची गुणवत्ता नेमणुकीपूर्वी मोजणे कठीण असते. अशा वेळी मालक एखाद्या ठळक, सहज तपासता येणाऱ्या खुणेवर विसंबतो. नागरिकत्व ही अशीच खूण आहे. परंतु स्पेन्स यांच्या मांडणीतील शिक्षणासारखा संकेत परिश्रमाने मिळविता येतो, नागरिकत्व मात्र बहुधा जन्माने मिळते. म्हणूनच येथे संकेताचे रूपांतर भेदभावात होते.

भाषाशास्त्रानेही या अटीला आव्हान दिले आहे. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली : आंतर, बाह्य आणि विस्तारणारे. भारत बाह्य वर्तुळात येतो. येथे इंग्रजी ही प्रशासन, न्याय आणि उच्च शिक्षण यांची प्रस्थापित भाषा आहे व तिला स्वतःचे नियमित रूप आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे २.६ लाख होती. परंतु दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती नोंदविणारे सुमारे १३ कोटी होते. मातृभाषेचा निकष लावला की हा सारा समाज गणतीतून बाहेर पडतो.

कोरियाबरोबरचा करार : एक अभ्यास

भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करारावर, म्हणजे ‘सेपा’वर, ७ ऑगस्ट २००९ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. या करारात कोरियाने ज्या भारतीय व्यावसायिकांना तात्पुरत्या प्रवेशाची मुभा दिली, त्यांत संगणकतज्ज्ञ व अभियंत्यांबरोबर प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतील सहायक इंग्रजी शिक्षकांचाही समावेश होता. जन्मावर आधारलेल्या अटीला व्यापार कराराने दिलेला हा महत्त्वाचा छेद होय. १ ऑगस्ट २०११ पासून अमलात आलेल्या भारत-जपान करारातही योग, भारतीय पाककला आणि शास्त्रीय संगीत-नृत्य यांच्या शिक्षकांबरोबर इंग्रजी शिक्षकांना स्थान मिळाले.

मात्र या तरतुदीच्या मर्यादा लक्षात घ्याव्या लागतील. पहिली, भारतीय उमेदवाराकडे पदवीबरोबरच इंग्रजी विषयाचा शिक्षक परवाना असणे आवश्यक ठरते. म्हणजे सात देशांच्या नागरिकांपेक्षा अधिक अर्हता मागितली जाते. दुसरी, मुभा सहायक शिक्षकापुरती आहे. तिसरी, करार प्रवेशाचा मार्ग देतो, नोकरीची हमी देत नाही. निवड शेवटी शाळा व शिक्षण कार्यालयांच्याच हाती राहते.

यांतील पहिली मर्यादा भारताच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगी आहे. परकीय व्यवस्था ‘शिक्षक परवाना’ मागते, परंतु भारतात डॉक्टर किंवा वकिलांप्रमाणे शिक्षकांची राष्ट्रीय नोंदणी अथवा परवाना पद्धती नाही. आपल्याकडे बी. एड. ही पदवी आहे आणि शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र आहे. या दोहोंपैकी परवाना कशास म्हणावे, हे प्रत्येक उमेदवाराला परकीय अधिकाऱ्यास स्वतः समजावून द्यावे लागते. ‘गॅट्स’च्या सातव्या अनुच्छेदात अर्हतांना कराराद्वारे किंवा एकतर्फी मान्यता देण्याची सोय आहे. तथापि, जी अर्हता देशातच एका सर्वमान्य स्वरूपात उपलब्ध नाही, तिच्या परस्पर मान्यतेची वाटाघाट करणे अवघड जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकांची शिफारस करण्यात आली आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्यासंबंधी मार्गदर्शक दस्तऐवज तयार केला. या मानकांचे महत्त्व देशांतर्गत गुणवत्तेइतकेच परदेशातील मान्यतेसाठीही आहे.

उमेदवारासमोरील व्यावहारिक बाबी

पदवी आणि पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र परदेशात ग्राह्य ठरण्यासाठी ‘अपोस्टिल’ लागते. १९६१ च्या हेग करारावर आधारलेली ही पद्धत भारतात २००५ पासून आणि दक्षिण कोरियात २००७ पासून लागू आहे. चीन २०२३ मध्ये तीत सामील झाला. राज्य पातळीवरील पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून हा शिक्का मिळतो.

भरतीच्या बाबतीत एक विसंगती ध्यानात ठेवावी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवानगीची तरतूद प्रामुख्याने अल्पशिक्षित कामगारांच्या संरक्षणासाठी आहे. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला अशा परवानगीची गरज नसते. त्यामुळे सुशिक्षित शिक्षकाचा करारनामा जाण्यापूर्वी कोणी तपासत नाही. फसवणुकीपासून बचाव करण्याची जबाबदारी त्याच्या स्वतःवर येते. मध्यस्थ नोंदणीकृत आहे काय, त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर या विहित मर्यादेत आहे काय, करारनाम्यात वेतन, निवास, विमा व परतीचा प्रवास यांचा स्पष्ट उल्लेख आहे काय आणि व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटकाचा, हे चार प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारले गेलेच पाहिजेत. पर्यटक व्हिसावर नेऊन ‘तेथे गेल्यावर बदलून देऊ’ असे आश्वासन देणारा मध्यस्थ उमेदवाराला बेकायदेशीर स्थितीत लोटत असतो.

मागणीची अनिश्चितता

ही बाजारपेठ स्थिर नाही. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर कठोर निर्बंध घातले आणि परदेशात राहणाऱ्या शिक्षकांकडून असे वर्ग घेण्यास मनाई केली. एका निर्णयाने पहिल्या प्रकारच्या व्यापाराचा मोठा प्रवाह आटला. दक्षिण कोरियाचा एकूण जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली आला; वर्गातील मुलांची संख्या घटत जाणार असेल तर शिक्षकांची मागणीही घटणार, हे उघड आहे. म्हणून परदेशी अध्यापन हा आयुष्यभराचा आधार न मानता अनुभव व बचत यांचा काही वर्षांचा टप्पा मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरीकडे, देशातील गरजही विसरता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. इंग्रजीचा चांगला शिक्षक ग्रामीण शाळेला मिळणे आजही दुरापास्त आहे. परंतु शिक्षकाला अडवून ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. नियमित भरती, वेळेवर वेतन आणि सन्मानाची वागणूक मिळाली तर जाणाऱ्यांपैकी अनेक जण थांबतील; आणि गेलेले परतले तर त्यांचा अनुभव येथील वर्गांना उपयोगी पडेल.

समारोप

इंग्रजी शिक्षकाचे उदाहरण लहान दिसले तरी सेवा व्यापाराचा एक मोठा नियम त्यातून स्पष्ट होतो. वस्तूच्या व्यापारात अडसर सीमाशुल्काचा असतो. सेवेच्या व्यापारात तो मान्यतेचा असतो. सीमाशुल्क वाटाघाटीच्या एका फेरीत कमी करता येते, मान्यता मात्र विश्वासार्ह संस्था, समान मानके आणि तपासता येणारी प्रमाणपत्रे यांच्या आधारे हळूहळू मिळवावी लागते. २०१० च्या कराराने एक दार किलकिले केले. ते पूर्ण उघडण्याचे काम जितके वाटाघाटींच्या टेबलावर व्हावयाचे आहे, तितकेच ते देशातील अध्यापक महाविद्यालयांमध्येही व्हावयाचे आहे.